शांताच्या पाठीवरच्या तीन गाद्या

…आणि वर मला म्हणतो, "सर, तुमची पाठ दुखते ना? मग विषय तुमच्या अगदी जवळचा आहे!" आता बोला! बत्तीस वर्षं बातमीदारी केली, तुम्हाला सांगतो, तुरुंगातल्या दंगलीची बातमी मी समोरच्या छपरावर पालथं पडून लिहिली, धरणाच्या भिंतीला गेलेली चीर स्वतःचा हात घालून मोजली, एका मंत्र्याला भर सभेत असा प्रश्न विचारला की त्यानं पाणी मागवलं आणि ते पिताना त्याला ठसका लागला… आणि आज हा आमचा संपादक, वय वर्षं छत्तीस, मला सांगतो की घोड्याच्या खोगिराखाली घालायच्या गादीवर लिहा! गादीवर! आणि ती साधी नाही बरं का, धक्के शोषून घेणारी! "घोड्यालाही आराम, स्वारालाही आराम, असं छान हलकंफुलकं लिहा सर. आठशे शब्द. कंपनी रविवारचं अख्खं पान घेतेय." म्हणजे पान कंपनीचं, शब्द माझे आणि पाठ घोड्याची. तुम्हीच सांगा, मी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

नाही, मी भांडलो. मी भांडणारच. म्हटलं, "अरे, दुसऱ्यांच्या बातम्यांतली खोगीरभरती काढण्यात माझी हयात गेली, आणि आता खऱ्याखुऱ्या खोगीरभरतीवर लिहू?" तर हा टाळी वाजवून म्हणतो, "हेच! हीच विनोदबुद्धी हवीय सर!" या मंडळींशी भांडताच येत नाही हो. आमचे जुने संपादक पेपरवेट फेकून मारायचे. माणसाला कळायचं तरी, की समोरच्यानं आपलं म्हणणं ऐकलंय!

तर गेलो. शहराच्या पार टोकाला, टायरच्या गोदामामागे, ती घोडेस्वारीची शाळा. पत्र्याचा लांबलचक तबेला, ओल्या गवताचा आणि चामड्याला लावायच्या तेलाचा वास, ऑफिसात तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक मोडलेली, आणि पाहुण्याला नेमकी तीच. शाळेच्या मालकीणबाई म्हणजे आवाज असा की घोडे वळायच्या आधी मीच वळलो. आणि कंपनीचा विक्रेता! टोकदार चकचकीत बूट घालून लिदीतून चवड्यांवर चालत होता. "सर, सात थर आहेत! खाली फोम, वर जेल, मध्ये आमचं खास अस्तर! घोडं पाऊल टाकतं ना सर, तो धक्का वर येतो, आणि आमची गादी तो पिऊन टाकते!" मी म्हटलं, "पिते, ठीक. पण प्यालेला धक्का पुढे जातो कुठे?" तो म्हणाला, "सर?" मी म्हटलं, "जातो कुठे?" त्यानं मोबाइलमध्ये बघितलं. तिथेही नव्हतं.

"बसून तर बघा सर!" बसून! अठ्ठावन्न वय, कमरेतल्या दोन मणक्यांचं एकमेकांशी बोलणं बंद झालेलं, आणि बसून बघा! बाकीचे घोडे शिकवणीला गेलेले, रिकामी होती ती फक्त एक तपकिरी घोडी. नुकतीच एक शिकवणी आटोपून आलेली, घामानं निथळत होती, कान मागे पाडून माझ्याकडे असं बघत होती, जशी आमची हिशेबतपासनीस प्रवासभत्त्याचं बिल बघते. मी विचारलं, "नाव काय हिचं?" बाई म्हणाल्या, "शांता." शांता! "चावते, लाथा झाडते, पोटाखालचा पट्टा, तो तंग, आवळायला गेलं की दात दाखवते. मागच्या आठवड्यात एका दंतवैद्याला पाडलं." मी मनात म्हटलं, त्याला तरी तिनं दात आधी दाखवले होते! "दीड वर्ष सोसलं हो आम्ही. आता नाही. सोमवारी एक माणूस येतोय, घेऊन जाईल." मी विचारलं, "कुठे?" तर बाईंना एकदम फोन आठवला. त्या आत गेल्या. आणि तिथे खरारा करत उभा असलेला मोतद्दार, साठीचा, काटकुळा, समोरचा एक दात नसलेला, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तो माणूस घोडी बसायला नेत नाही, साहेब. वजनावर घेतो."

आता मी गादीवर लिहायला आलो होतो हो! हलकंफुलकं! तुम्हीच सांगा, मी कुणाचं घोडं मारलं होतं, की हे मारायला काढलेलं घोडं माझ्याच पुढ्यात यावं?

तर बसलो. बसलो म्हणजे दोघांनी ढकललं. नवी गादी घातली, वर खोगीर, तंग आवळला, शांतानं विक्रेत्याची बाही फाडली, ती कंपनीच्या खर्चात धरली गेली असेल, आपल्याला काय. चालीवर दोन फेऱ्या झाल्या. मग विक्रेता ओरडला, "सर, आता दुडकी चाल घ्या, गादीचं खरं काम तिथे दिसतं!" दिसलं! घोडीनं पाठीची कमान केली, मागचे पाय आभाळात, आणि मी तिच्या मानेवरून घसरत घसरत भुशात. पालथा. "सर, आराम कसा वाटला?" असं तो विचारतोय! त्याला मी काय म्हणालो ते छापता येणार नाही, आणि माझ्या लेखातलं तसंही काय छापलं गेलं म्हणा… पण ते पुढे.

मी भुसा झटकतोय, तेवढ्यात मोतद्दारानं खोगीर उतरवलं. "साहेब, जरा इकडे या." बघतो तर खोगिराखाली गाद्या किती? तीन! दीड वर्षापूर्वी घोडी एकदा माश्यांनी वैतागून चावली, म्हणून बाईंनी पहिली आणली. मग लाथ मारली, म्हणून दुसरी, आणखी जाड. आज तिसरी. त्या सगळ्या त्यानं काढल्या आणि म्हणाला, "तुम्ही पेपर वाचता, आम्ही हे वाचतो. सगळी पाठ कशी भिजलीय, बघा. आणि ह्या दोन जागा?" खांद्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे दोन डाग. कोरडे ठणठणीत! "इथे इतकं दाबतंय, की घामसुद्धा बाहेर येऊ शकत नाही." त्या डागांत पांढरे केस होते. मी विचारलं, "जन्माचे?" तो म्हणाला, "बाई तसंच म्हणतात. पण ही आली तेव्हा नखशिखांत तपकिरी होती. दाबानं कातडी आतून दुखावली, की तिथे केस पांढरे येतात." आणि माझ्या पायांकडे बोट दाखवून म्हणतो, "तुमचा बूट मापाचा आहे ना साहेब? त्यात तीन मोजे घालून दिवसभर चाला. संध्याकाळी तुम्हालाही लोक कजाग म्हणतील."

अहो, बत्तीस वर्षांत कुठल्या तज्ज्ञानं मला एवढं सरळ उत्तर दिलं नव्हतं! मी म्हटलं, "हे बाईंना सांगितलं नाहीत?" "सांगितलं. बाई म्हणाल्या, तू मोतद्दार आहेस, डॉक्टर नाहीस. आणि तिसरीचं माप द्यायला सांगितलं."

मग मात्र मी ऑफिसात शिरलो. आणि भांडलो! म्हटलं, "बाई, घोडी दुखतंय म्हणून ओरडतेय, आणि तुम्ही तिच्या दुखण्यावर उशी ठेवताय!" बाई उसळल्या. "मला शिकवू नका, पत्रकारसाहेब! बावीस वर्षं घोडे पाळतेय! तिच्या आरामासाठीच आणल्या ना मी गाद्या? एवढी खात्री आहे तर बसा तुम्हीच, गाद्यांशिवाय. पाडलंन्, तर सोमवार पक्का. नाही पाडलंन्, तर राहील ती."

मी घरी जाऊ शकत होतो. रिक्षा उभी होती. पाठीत कळ येत होती. पण तो मोतद्दार खरारा छातीशी धरून नुसता उभा राहिला. अशा माणसांचं मला फार भय वाटतं. बोलणाऱ्याला उत्तर देता येतं.

एक साधं सुती कापड, त्यावर खोगीर, त्यावर मी. पहिली फेरी… एक कान पुढे आला. दुसरी फेरी… दुसरा कान. मग तिनं मान खाली सोडली आणि असा लांब सुस्कारा टाकला, तुम्हाला सांगतो, तसा सुस्कारा मी फक्त निवृत्त होणाऱ्या कारकुनाच्या तोंडून ऐकलाय. आणि मग दुडकी! अरे बाप रे! जे धक्के ती गादी पिणार होती, ते सगळे मी प्यालो! माकडहाडापासून अक्कलदाढेपर्यंत एकेक सांधा हजेरी देत होता! पण घोडी? लोण्यासारखी! चावली नाही, उधळली नाही, पाच फेऱ्या! कुंपणाशी उभ्या बाईंच्या तोंडून निघालं, "अगं बाई!" मोतद्दार पाठमोरा झाला, त्याला नाक शिंकरायचं होतं म्हणे. सोमवार रद्द. आणि मी, हसू नका, मी त्या घोडीवर बसून खरोखर हसलो. दात काढून. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या समोर कुणाचं तरी भलं झालं होतं. तेवढ्यात त्या फाटक्या बाहीवाल्यानं मोबाइल काढला आणि खटॅक!

लेख लिहिला. आठशे शब्द, एकही फुकटचा नाही. जास्त गादी म्हणजे जास्त आराम नव्हे, आधी खोगीर मापाचं आहे का बघा, कोरडे डाग बघा, मोतद्दाराचं ऐका. रविवारी पेपर उघडला. अर्धं पान फोटो! घोडीवर मी, बत्तीशी दिसतेय, आणि खाली: 'सात थरांच्या गादीवर सुखावलेले आमचे ज्येष्ठ वार्ताहर'. लेख? माझे एकूण अकरा शब्द शिल्लक होते, त्यातले दोन माझं नाव! मी फोन केला. "सर, जागा कमी पडली. पण फोटो काय आलाय सर! तुम्ही इतके आनंदी कधी दिसला नव्हता!" मी म्हटलं, "माझ्याखाली गादी नव्हती रे! खुलासा छाप!" "छापू ना सर. पान सात, छोटी चौकट. जागा झाली की." तीन आठवडे झाले. जागा अजून व्हायचीय. मेव्हण्यानं फोन करून विचारलं, ती गादी खुर्चीवर चालेल का! मी कुणाचं, अहो कुणाचं घोडं मारलं होतं?

आणि मग बाईंचा फोन. "पत्रकारसाहेब, पेपर वाचला! आणखी दोन मागवल्या मी!" मी किंचाळलो, "बाई, त्या दिवशी गादी नव्हती! तुम्ही समोर उभ्या होतात! तुमच्या डोळ्यांनी बघितलंत!" तर बाई शांतपणे म्हणतात, "मलाही तसंच वाटलं होतं हो. पण माझे डोळे काय, चाळिशीतून बघणारे. पेपर कसा चुकेल?"

लोकांनी छापलेल्यावर विश्वास ठेवावा म्हणून आयुष्यभर मीच ओरडत आलो!

मी मोतद्दाराकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, एकट्यानं गाद्या काढल्या तर माझी नोकरी जाईल. तुम्ही उभे असलात, तर म्हणेन, पत्रकारसाहेबांनी काढायला लावल्या." शांताच्या शिकवण्या आता साडेसहा ते साडेआठ, बाई येतात नऊला. तेव्हा रोज सकाळी सहा वाजता आम्ही दोघं शांताच्या पाठीवरून गाद्या उतरवतो आणि पावणेनऊला, नुकत्याच उतरवल्यासारख्या, तिच्या शेजारी रचून ठेवतो. घोडी गरीब गाईसारखी उभी असते. बाई येऊन तिला थोपटतात आणि शिकायला आलेल्या प्रत्येकाला सांगतात, "बघा, गाद्यांनी कशी सुधारली!"

आज सकाळीही मी पाठीला पट्टा बांधत होतो, तर बायको उशीतूनच म्हणाली, "अहो, इतक्या पहाटे कुठे निघालात?"

म्हटलं, "खुलासा द्यायला."