चंपतनं भित काहून लिपली

—नाई बाप्पा, मी नाई मानत. हाटेलात बसून लोक काईबी बोलतात. बापानंच पोरीची चांदी चोरली म्हने! काहून? तं चोरी झाली अन् तो रडला नाई. तुमी परगावचे दिसता, भाऊ, तुमाले मी नीट सांगते — वांगे निवडत निवडत आइका, आमच्या किन्हीराजा गावचे हायेत, माह्याच मळ्यातले. अन् त्या बापाचं, चंपतचं, घर माह्या घराले लागूनच, म्हनून मले जेवढं ठाऊक तेवढं कोनाले नाई. त्याच्या पंचफुलाले अनसिंगच्या दौलतरावाचं कुंकू लागलं होतं. दौलतराव म्हंजे दोन बायका गेलेला मानूस, पोरीच्या बापाहून मोठा — पन चंपतनं शब्द देल्ला, तं देल्ला. दौलतरावानं तोडे, सरी, कमरपट्टा, समदी चांदी पाठोली. लगन तोंडावर आलं, अन् एका सकाळी पाह्यतात तं काय — मागच्या भितीले हे एवढं भगदाड, चांदी गायब!

आता बाप काय करते? छाती बडवते. अन् ह्या चंपतनं काय केलं? पानी आनलं, माती कालवली, अन् बसला भगदाड लिपायले! रामसिंग जमादार सरकारी घोड्यावर बसून आला तवा हा वरून शेन सारवून राह्यला होता. जमादार वरडला, 'काहून बे, पुरावा बुजवून राह्यला?' हा म्हने, 'साहेब, कुत्रं शिरते ना.' झालं! बापच चोर. आता मले सांगा, खरा चोर जमादारासमोर असं लिपत बसंल? — नाई बसनार. हा मानूस जलमाचाच तसा. याची माय मेली, लोक तिरडी बांधून राह्यले, अन् हा छपरावर चढून कवेलू नीट करे. दुःख झालं का त्याचे हात चालतात, डोळे नाई चालत.

अन् त्याच्या बायकोवर, आवडाबाईवर, कोनाचा शक नाई. काहून? तं ती रडली. काय रडली बाप्पा! 'माह्या पोरीचे तोडे गेले वं, सरी गेली, कमरपट्टा गेला —' जमादारानं सोताचे डोळे पुसले. मीच तिले हळूच चिमटा काढला, म्हटलं, आवडे, चांदीची पेटी तं उघडू दे अगोदर! ...हां, म्हंजे, पेटीले कुलूप होतं ना. चोरानं चांदी नेली अन् जाताना कुलूप लावलं. राह्यते एखादा चोर तसा, नीटनेटका.

पन जमादारानं चंपतच्या कमरेले दोर बांधला, तवा तिचं रडनं जागच्या जागी थांबलं. मंग जे सुरू झालं त्याले आवाजच नोहता. खालीच बसली. पंचफुला बापाले बिलगली — अन् बाप काय म्हनते? 'पोरी, तिकडं टेकू नको, भित ओली हाये.' माह्याच्यानं पाहवेना, भाऊ.

मंग? मंग काय, चांदी सापडली. लगेच. माह्या गोठ्यात, गव्हानीत, कडब्याखाली. मीच वरडली. चोर भेऊन टाकून गेला असंल. जमादार म्हने, 'गिरजाबाई, तुमच्याच गोठ्यात कसी?' मी म्हटलं, चोराले इचारा! त्यानं चंपतचा दोर सोडला. दौलतराव आला, चांदी धोतरात बांधली, म्हने असल्या लफड्याच्या घरची पोरगी मले नको, अन् गाडी जुपून चालला गेला. पंचफुला मंग इथंच मालेगावात देल्ली. जवयाचं तेलाचं दुकान हाये, वयानं जोडीचा हाये, दोघंबी हासतात पाह्यजा कसे.

तं माह्यं म्हननं एवढंच, रडनं पाहून मानूस वळखू नये. चंपत साफ निर्दोष. त्याले तं अजून काईच ठाऊक नाई, बिचाऱ्याले. अन् एकट्या बाईचंबी ते काम नोहे — हातभर जाड भित, एकीनं सब्बल मारा लागते, दुसरीनं टोपल्यात माती झेला लागते, आवाज होऊ नये म्हनून —

दुसऱ्यानं. दुसऱ्यानं म्हटलं मी.

काय पाहून राह्यले असे? घ्याचे का वांगे? नाई? मंग उठा भाऊ, मांगं गिऱ्हाइक उभं हाये.