टोकांना लागलेला हात

फ्रेमा: विग काढ म्हटलं ना! टिवाच्या पोरीनं माझ्यापासून डोकं लपवायचं? या खुर्चीत लहानाची मोठी झालीस तू.

पोमा: कडेचे थोडे विरळ झालेत, मावशी, एवढंच. एखादं तेल दे. शनिवारी आईला जाऊन वर्ष होतंय, अख्खं कुमासी शहर येईल.

फ्रेमा: काढ. ...अगं बाई! कपाळ पार कानापर्यंत पोचलंय की! आणि ही खपली?

पोमा: दुखत नाही.

फ्रेमा: हात लावला तर खांदा उडाला तुझा. केस सरळ करायचं क्रीम कुठे लावून घेतेस?

पोमा: घरी. माझी मीच.

फ्रेमा: ते नव्या उगवलेल्या मुळांना लावतात, तेही काही महिन्यांनी. तू जुन्या सरळ केसांवर पुन्हा पुन्हा थापलंयस. हे बघ, जास्त शिजलेल्या शेवयांसारखे तुटतायत. सलूनवालीच्या पोटी जन्म घेऊन एवढं कळेना?

पोमा: कळतं.

फ्रेमा: मग?

पोमा: डबा उघडला की वास येतो. मग चुरचुरायला लागतं, आणि ती येते.

फ्रेमा: कोण?

पोमा: आई. चुरचुरलं की मानेवर फुंकर घालायची ना? ‘सोस गं राणी, झालंच.’ तशीच फुंकर येते. फक्त मागे वळायचं नाही, वळलं की थांबते. म्हणून मी धुवायला उशीर करते.

फ्रेमा: किती उशीर?

पोमा: भाजेपर्यंत.

फ्रेमा: देवा रे! अगं, कुणी नुसतं ‘आई गं’ म्हटलं तरी टिवा क्रीम धुवायला त्याला नळाखाली ढकलायची.

पोमा: आता बोटंही फिरवते. काहीतरी शोधते, पुढून मागे, मागून पुढे. सापडत नाही, मग निघून जाते. मला भीती वाटते, मावशी. आजी म्हणते, मातीच्या वेळी सगळ्यांनी डोकी भादरली, तू एकटी अडून बसलीस, म्हणून ती रागावलीय.

फ्रेमा: का अडलीस तू?

पोमा: शेवटचं क्रीम तिनंच लावलं होतं. या टोकांना तिचा हात लागलाय. मुळांकडचे केस तिनं पाहिलेसुद्धा नाहीत. टोकं गेली की तिचं काय राहिलं माझ्याकडे?

फ्रेमा: बरं, मला सांग, शाळा संपेपर्यंत तुझं डोकं कोण भादरायचं?

पोमा: आईच. शाळेचा नियमच होता. अंगणात स्टुलावर बसवून कापायची, मग शियाच्या बियांचं लोणी चोळायची. कानामागच्या व्रणावर बोट आलं की थांबायचीच. मक्याचे केंके शिजवायच्या गरम मडक्यावर पडले होते ना मी.

फ्रेमा: शाळा सुटली, तू हट्ट धरलास, तिनं पहिल्यांदा क्रीम लावलं. तू आरशासमोर नाचत होतीस आणि ती मागच्या दारी माझ्यापाशी रडत होती. म्हणाली, ‘देखणी दिसते गं, पण माझ्या हाताला माझ्या पोरीचं डोकं लागत नाही.’

पोमा: खरं?

फ्रेमा: मेलेल्या मैत्रिणीच्या नावावर खोटं बोलेन मी?

पोमा: कापले आणि ती आलीच नाही तर?

फ्रेमा: माहीत नाही. वाट तर मीही बघते तिची, रोज, या दुकानात. पण असंच चाललं तर तिला शोधायला डोक्यावर नुसती जखम उरेल.

पोमा: तो वासही जाईल.

फ्रेमा: जाईल.

पोमा: ...काप.

(बराच वेळ फक्त कात्रीचा आवाज.)

फ्रेमा: झालं. आता क्रीम नाही, विग नाही, जखम भरेपर्यंत काही नाही. डोळे मीट, मी लोणी कोमट करते.

पोमा: केस टाकून देऊ नकोस हं.

फ्रेमा: वेडी आहे का मी? पाखरांनी घरट्याला नेले तर जन्मभर डोकं दुखेल तुझं. फडक्यात बांधलेत. शनिवारी तिच्याजवळ पुरू.

पोमा: मावशी, किती हलका हात आहे गं तुझा! कानामागे, तिथंच... थांबलीस का?

फ्रेमा: मी अजून इथं चुलीपाशी आहे, पोमा. मागे वळू नकोस.