तिसऱ्या भागातले नायक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि एक एप्रिलपासून मंडळाची सूत्रं हाती घेणारे विवेकराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते शंकरराव आणि त्यांच्या सौभाग्यवती शीलावहिनी, व्यासपीठावरची कार्यकारिणी, आणि मार्चच्या बर्फातून ट्रॉयमध्ये वेळेवर पोचलेल्या, तसंच उशिरा पोचून पुढच्या रांगेत बसलेल्या सभासद बंधुभगिनींनो,

मला सात मिनिटं दिली आहेत. कार्यक्रमपत्रिका मीच टाइप केली आहे, तेव्हा विवेकराव, घंटीवरचा हात काढलात तरी चालेल.

शंकरराव मुलीकडे राहायला मॉरिसव्हिलला चालले. ते कष्टाळू आहेत, दिलदार आहेत, मंडळाचे संस्थापक आणि अध्यक्ष आहेत. हे सगळं माझ्या आधीच्या चार वक्त्यांनी सांगितलं आणि ते खरंही आहे. म्हणून मी त्यांच्या चित्रपटांबद्दल बोलते.

नव्या सभासदांसाठी सांगायला हवं. १९९१ साली आपण हे जुनं गालिच्यांचं दुकान घेऊन त्याचा हॉल केला. पुढच्या वर्षापासून दर एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी शंकरराव इथे ऐंशीच्या दशकातला एक अमेरिकन कॉलेजपट दाखवतात. त्याचे तीन भाग आहेत. एका वर्षी एक, असे पाळीपाळीने. म्हणजे १९६८ साली राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या बाईने हे तिन्ही भाग पाच-पाच वेळा पाहिले आहेत. मंडळाची सेवा याहून जास्त कुणी केली असेल तर हात वर करा.

पहिल्या भागात जाड भिंगांची, खिशात चार-चार पेनं खोचलेली चार किडकिडीत मुलं. कॉलेजचा नौकाक्लब त्यांना दारातूनच परत पाठवतो. ती मेसच्या टेबलांची होडी करतात आणि चषक जिंकतात. मधूनमधून पडद्यावर मुली अंघोळ करतात. त्या वेळी शंकरराव प्रोजेक्टरसमोर हात धरतात. त्यामुळे कथानकाचा बराचसा भाग म्हणजे माझ्या लेखी शंकररावांचा पंजा आहे. दुसऱ्या भागात सगळं तेच, फक्त नदीऐवजी बर्फ आणि होडीऐवजी घसरगाडी. पंजाही तोच.

या दोन भागांना आपली माणसं काय शिट्ट्या मारतात! का मारू नयेत? कागदपत्रं हातात धरून अमेरिकेत उतरलेला आपल्यातला प्रत्येक इंजिनियर स्वतःला त्या होडीत बसलेला पाहतो.

तिसरा भाग मात्र कुणाला आवडत नाही. विनोद कमी आहे म्हणतात. कथेत वीस वर्षं उलटली आहेत. ती चार मुलं आता पोट सुटलेली, टाय लावणारी कॉलेजची विश्वस्त आहेत. नवी किडकिडीत मुलं होडी मागायला येतात, आणि हे चौघे नियमावली उघडतात. शेवटच्या दहा मिनिटांत शंकरराव चहा टाकायला उठतात, आणि अर्धा हॉल सामोसे गरम झाले का बघायला त्यांच्या मागे जातो. गेल्या वर्षी विवेकरावांची नऊ वर्षांची रुचा माझ्याशेजारी होती. तिने विचारलं, "काकू, वेट, हे तेच लोक आहेत ना? सो दे आर द बॅड गाइज नाऊ?"

मी तिला म्हटलं, "गप्प बस, सिनेमा बघ." प्रश्न चांगला असला की मोठी माणसं असंच उत्तर देतात.

आता त्या भिंतीकडे बघा. तिथे एक चौकोन पांढरा दिसतोय. शंकररावांची फ्रेम तिथे होती. १९८४ साली सतरा मराठी कुटुंबांच्या गणपतीसाठी त्यांनी इथल्या एका कम्युनिटी सेंटरचा हॉल मागितला होता. त्याला आलेलं नकाराचं पत्र त्या फ्रेममध्ये आहे. त्या वर्षी गणपती शंकररावांच्या गराजमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी बसला. दर शोच्या आधी शंकरराव ते पत्र वाचून दाखवतात आणि आपण टाळ्या वाजवतो. पत्राचा आशय असा: आपल्या उत्साहाचं आम्हाला कौतुक वाटतं. तथापि आपला उत्सव ही एका विशिष्ट गटाची बाब आहे. त्या दिवशी आमच्याकडे बिंगोच्या खेळाचा प्रघात आहे. आपण जवळपासच्या इतर जागांचा विचार करावा.

या जानेवारीत प्रणिता मेश्राम यांनी आपला हॉल मागितला. त्या मूळच्या नागपूरच्या, इथे गाड्यांच्या ब्रेकच्या कंपनीत इंजिनियर आणि आपल्या सभासद. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीसाठी चाळीस कुटुंबं जमणार होती. यंदा चौदा एप्रिल म्हणजे नेमका दुसरा शनिवार.

बैठकीत शंकरराव म्हणाले, "अहो, सोळा वर्षांची परंपरा आहे." विवेकराव म्हणाले, "त्यांचा ग्रुप वेगळाच असतो ना, यार." मी काही बोलले नाही, कारण मी इतिवृत्त लिहीत होते. गप्प बसायला याहून सोयीचं काम नाही. ठराव एकमताने झाला आणि मला सांगण्यात आलं, "सुमेधाबाई, नीट, सभ्य इंग्रजीत कळवा."

सभ्य इंग्रजीचा नमुना आपल्याकडे एकच होता. मी खुर्चीवर चढले, फ्रेम खाली काढली आणि समोर ठेवून टाइप केलं. तारीख बदलली. बिंगोच्या जागी चित्रपट घातला. बाकी कशाला हात लावावा लागला नाही.

तीन दिवसांनी प्रणिताचा फोन आला. "मॅडम, लेटर भेटलं. इंग्लिश एकदम मस्त आहे हो. पण हे मी आधी वाचलंय."

"काहीतरीच काय! कुठे वाचणार?"

"तुमच्याच हॉलमध्ये. भिंतीवर. गेल्या वर्षी पिक्चरच्या आधी सरांनी वाचून दाखवलं, तेव्हा मीपण टाळ्या वाजवल्या होत्या ना."

ती रागावली असती तर मी तिला नियम सांगितला असता. ती हसत होती, आणि हसणाऱ्या माणसाला नियम सांगता येत नाही. मी फोन ठेवला आणि फाइलमधली त्या पत्राची प्रत वाचली. पाच वेळा चित्रपट पाहिलेल्या बाईला तिसरा भाग त्या दिवशी समजला.

शंकरराव, मंडळातर्फे तुम्हाला ही भेट. कागद फाडू नका, सोडवा, पुन्हा वापरता येतो. आत दोन फ्रेमा आहेत. एकीत १९८४ चं पत्र, दुसरीत २००७ चं. मॉरिसव्हिलच्या भिंतीवर शेजारीशेजारी लावा.

नाहीतर दुसरा मार्ग आहे. हे आरक्षणाचं रजिस्टर. चौदा एप्रिलच्या पानावर प्रणिता मेश्राम असं लिहिलं आहे आणि चिटणीस म्हणून माझी सही झाली आहे. अध्यक्षांची जागा कोरी आहे. तुमची मुदत एकतीस मार्चपर्यंत आहे, तोवर तुमच्या एका सहीने आरक्षण बदलता येतं. त्यानंतर वर्षाचं वेळापत्रक जूनच्या सर्वसाधारण सभेशिवाय बदलत नाही, हा नियमही आपणच केला आहे. जूनमध्ये एप्रिल परत येत नाही. सही केलीत तर दुसरी फ्रेम मी ठेवून घेते.

विवेकराव, घंटी नको. अजून दीड मिनिट आहे.

काय म्हणता, शंकरराव? माइकमध्ये बोला. चित्रपटाचं काय? एकवीस तारखेला दाखवू. विवेकराव दाखवतील, त्यांचा पंजा मोठा आहे.

शीलावहिनी काहीतरी म्हणाल्या. मोठ्याने सांगा ना, वहिनी. "तेवीस वर्षांत गराजमधला तो गणपती विसरलात का?" ऐकलंत?

शंकररावांनी खिशातून पेन काढलं आहे. चार पेनांतलं निळं. टोपण अजून काढलेलं नाही. आम्ही थांबतो. आज चहा दुसरी माणसं टाकताहेत, तुम्हाला उठायची गरज नाही.

झाली सही. तारीखही घाला. आभारी आहे.

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलताना कुणाला लागलं असेल तर क्षमा असावी. त्या पत्रात टायपिंगची एकही चूक नव्हती, म्हणून तर ते इतक्या सहज पोस्टात पडलं. त्याबद्दलची क्षमा मी प्रणिताकडे वेगळी मागते.

प्रणिता, किल्ली तेरा तारखेच्या शुक्रवारी माझ्या घरून न्या. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या घडी करून भिंतीला लावायच्या. हा नियम सगळ्यांना आहे.