निळीचा डबा

(इराणमधल्या बम शहराबाहेर, खजुरीच्या बागेतलं घर. गोहर पायरीवर पाठमोरी बसलेली. मागे तिची नणंद तूबा, हात मेंदीनं माखलेले.)

तूबा: मान खाली घाला वहिनी. किती ती चुळबुळ! लहान पोरं परवडली.

गोहर: आज मेंदी गार का गं?

तूबा: मेंदी चहाच्या पाण्यात कालवलीय. येता येता गार पडली.

गोहर: आणि तोंड का बंद? एरवी डोकं माखून होईस्तोवर सगळ्या गल्लीची लफडी सांगून मोकळी होतेस.

तूबा: हसनअलीला बरं नाही. त्याचीच काळजी.

गोहर: तुझ्या नवऱ्याला काय धाड भरलीय? सकाळी तर बागेच्या बांधावर दोघांशी बोलत उभा होता. चांगल्या कपड्यातली माणसं होती.

तूबा: असतील कुणीतरी. डोळे मिटा, ओघळ येतोय.

गोहर: नीळ कुठंय गं?

तूबा: अं?

गोहर: निळीचा डबा. आधी मेंदी, ती धुतली की वर नीळ, तेव्हा कुठं केस काळे होतात. दर खेपेला डबा आधी माझ्या पुढ्यात ठेवतेस.

तूबा: विसरले बाई घरी.

गोहर: सतरा वर्षांत कधी विसरली नाहीस.

तूबा: वय झालं आता.

गोहर: तूबा, इकडे बघ. माझ्या पुढ्यात ये.

तूबा: वहिनी, हात भरलेत माझे...

गोहर: माझ्या ईरजचं काही कळलं?

तूबा: आधी डोकं होऊ दे, वहिनी.

गोहर: अगं बोल की! जीव टांगून ठेवू नकोस.

तूबा: सापडला, वहिनी. सीमेवर, लढाई झाली तिथं खणताना. गळ्यातला बिल्ला शाबूत होता, त्यावर नंबर. ती माणसं तेच सांगायला आली होती. उद्या सकाळी आणताहेत.

गोहर: केवढा आहे?

तूबा: काय?

गोहर: पेटी केवढी आहे?

तूबा: लहान आहे. नका हो विचारू.

गोहर: जन्मला तेव्हा साडेचार किलोचा होता. सुईण म्हणाली, गोहर, पैलवान काढलास.

तूबा: रडा वहिनी. मोकळ्या व्हा. हसनअली म्हणाला, तूच सांग. मी दारात आले आणि जीभच वळेना. मग दर महिन्यासारखी मेंदी काढून बसले.

गोहर: आणि नीळ मुद्दाम ठेवून आलीस.

तूबा: आता कशी लावू? घरात माणूस गेलं की चाळीस दिवस डोक्याला रंग लागत नाही. मग थोरल्या बाया येऊन काळे कपडे उतरवतात, मेंदी लावतात. तुम्हीच नाही का माझ्या आईच्या वेळी आलात?

गोहर: आले होते.

तूबा: चला, ही मेंदीपण धुऊन टाकू. बायका येतील आता.

गोहर: मेंदी राहू दे. तू डबा घेऊन ये.

तूबा: वहिनी! लोक तोंडात शेण घालतील. पोरगा यायचाय आणि आई नटतेय, म्हणतील.

गोहर: म्हणू देत. तीन वर्षांचा होता तेव्हा अशीच मेंदी धुऊन उन्हात बसले होते, नीळ लावायची राहिली होती. लालभडक डोकं बघून असा किंचाळला! ही माझी आई नाही म्हणे. तुझ्या मागे लपून बसला, आठवतं?

तूबा: आठवतं. नीळ लावून होईपर्यंत तुमच्याकडे आला नाही.

गोहर: म्हणूनच तो लढाईवर गेल्यापासून सतरा वर्षं पांढरा केस दिसू दिला नाही मी. तो दारात आला आणि त्यानं मला ओळखलंच नाही तर, एवढीच भीती होती गं.

तूबा: वहिनी, तो आता...

गोहर: कळतंय मला. वेडी नाही झाले. उद्या त्याला मातीत ठेवला की पुन्हा डोक्याला काही लावायची नाही. चाळिसाव्यालाही कुणी मेंदी घेऊन यायचं नाही, सांगून ठेव सगळ्यांना. पण उद्या तो घरी येतोय.

तूबा: जाते. आणते डबा.

गोहर: मी पाणी कोमट करून ठेवते. आणि तूबा, कानामागे नीट लाव हं आज. तिथले पांढरे राहून जातात.