फ्रान्सिस्काबाईंच्या सेवापुस्तकातली लाल नोंद

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ माननीय गंगारामशेठ मेस्त्री, व्यासपीठावर विराजमान असलेले संस्थेचे सचिव माननीय विनीतराव पारकर, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या शाळेच्या लिपिक सौ. फ्रान्सिस्का रॉड्रिक्स, त्यांचे यजमान बाप्तिस्तभाऊ, माझे शिक्षक सहकारी, पालकवर्ग, आणि जेवण कधी वाढतात इकडे लक्ष ठेवून बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

मुख्याध्यापक या नात्याने मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोन शब्दांत आटोपणार नाही, हे आधीच सांगतो. आणि गोड बोलणार नाही, हेही सांगतो. माझ्या आधीच्या पाच वक्त्यांनी बाईंना मनमिळाऊ म्हटलं, सोशिक म्हटलं. सोशिक! कोणी सोसायला लावलं म्हणून सोशिक, हे कोणी बोललं का? मग मलाच बोललं पाहिजे.

बाईंच्या सेवापुस्तकात एकतीस वर्षांच्या नोकरीत एकच वाईट नोंद आहे. लाल शाईत. ‘शासकीय कामात दिरंगाई, सक्त ताकीद.’ दोन वर्षांपूर्वीची. शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता, सतराव्या अर्जाला ऑफिसातला लॅपटॉप जो बसला तो उठलाच नाही. पुढच्या आठवड्यात मुदत वाढली, सगळ्या पोरांचे अर्ज गेले, एकाचंही नुकसान झालं नाही. नुकसान झालं ते एका माणसाचं. सचिवसाहेबांनी विचारलं, ‘जबाबदार कोण?’ आणि मी बोट दाखवलं. ती लाल नोंद माझ्या अक्षरातली आहे.

आता हा लॅपटॉप म्हणजे काय प्रकरण होतं? सकाळी बटण दाबायचं. मग प्रार्थना व्हायची, प्रतिज्ञा व्हायची, हजेरी व्हायची, निलेश शिपाई चहा घेऊन यायचा, कप विसळून परत जायचा, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र यायचं. आणि आम्ही सगळे त्याचे डॉक्टर! कोणी म्हणे, मागचं चित्र काढा. कोणी म्हणे, कचरापेटी रिकामी करा. मी म्हणे, बंद करून चालू करा. माझं संगणकाचं ज्ञान तिथे संपतं. सचिवसाहेबांनी तर वेग वाढवणारं एक सॉफ्टवेअर स्वतः घातलं. त्याने वेग घटला. मग त्याच्यावर देखरेख करायला दुसरं घातलं. मग व्हायरस मारणारी दोन, ती एकमेकांनाच व्हायरस समजत होती. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा कारभार! विनीतराव, रागावू नका. रागावलात तरी हरकत नाही.

आणि सगळ्यात मोठा डॉक्टर मी. सात वर्षांपूर्वी दसऱ्याला लॅपटॉप आला. मी नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं, कळांवर अक्षता टाकल्या. त्याच्या आधीचा संगणक वीज पडून गेला होता, म्हणून मी नियमच केला, की रोज सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी त्याच्यासमोर उदबत्ती लागली पाहिजे. लॅपटॉपला चिकटून, डाव्या अंगाला, पितळेचं उदबत्तीचं घर. कधी सुट्टी नाही, कधी खंड नाही. देवापुढे होत नसेल इतकी सेवा त्या यंत्रापुढे झाली.

बाईंनी त्या नोंदीच्या आधीच्या दोन वर्षांत मला चार लेखी अर्ज दिले होते. ‘लॅपटॉप आतून साफ करून घेण्यास परवानगी मिळावी.’ आवक क्रमांक आहेत, शिक्के आहेत. गेल्या महिन्यात निवृत्तीची कागदपत्रं लावताना ते चारही सापडले. प्रत्येकाच्या खाली माझा शेरा. ‘पाहिले. फाईल करा.’ आता मला सांगा, न वाचता ‘पाहिले’ लिहिणाऱ्या मुख्याध्यापकाला ताकीद कोणी द्यायची?

ते कागद घेऊन मी बाईंकडे गेलो. ते टेबलावर ठेवले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “सर, आता परवानगी मागूक येळ नाय. माका तीनच आठवडे आसत.” त्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या बाप्तिस्तभाऊंच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातली हत्यारांची डबी घेऊन आल्या. बारीक पेचकस, मऊ ब्रश, रबरी फुंकणी. तरीही मी म्हटलंच, “बाई, वॉरंटी जाईल हो!” त्या म्हणाल्या, “सर, वॉरंटी जावन चार वर्सां झाली.”

त्यांनी मागचं झाकण उघडलं. मंडळी, आत पंखा असतो, हेच मला माहीत नव्हतं. तो दिसतही नव्हता. सात वर्षांची उदबत्तीची राख त्यात दमट हवेने थापून बसली होती, अगदी चुलीतल्यासारखी. त्या राखेत हळद होती. आणि तांदळाचे तीन दाणे. अक्षता! माझ्या हाताने टाकलेल्या.

मी विचारलं, “म्हणजे तो आळशी नव्हता?” बाई ब्रश फिरवत म्हणाल्या, “आळशी नाय ओ. तापता म्हणान आपसूक हळू चलता. जीव वाचवता आपलो.” मग त्यांनी आमची ती वेग वाढवणारी आणि व्हायरस मारणारी सगळी फौज काढून टाकली, एकच ठेवलं. चालू केल्याबरोबर आपोआप उघडणाऱ्या बारा-तेरा गोष्टी होत्या, त्या बंद केल्या. झाकण लावलं, बटण दाबलं. निलेशने कपात चहा ओतेपर्यंत लॅपटॉप उघडलेला होता. एक दुपार. सगळं मिळून एक दुपारचं काम, आणि त्यासाठी एका बाईच्या नोकरीवर डाग!

मग मी चिडलो. हो, बाईंवरच चिडलो. म्हटलं, “तुम्हाला ठाऊक होतं, तर अर्जात उदबत्तीचं का नाही लिहिलंत? तोंडाने का नाही सांगितलंत?” त्यांनी ब्रश डबीत ठेवला. मग म्हणाल्या, “सर, माझा नाव फ्रान्सिस्का. पूजा करू नका, असां मी कसां सांगू? लोक भलतोच अर्थ काढतले.”

मंडळी, एकतीस वर्षं एका खोलीत बसलो. नाताळला यांच्या घरच्या नेवऱ्या खाल्ल्या, चतुर्थीला माझ्या घरचे मोदक यांच्या घरी गेले. आपल्यात काही वेगळं नाही, असं दर पंधरा ऑगस्टला मी याच माइकवरून सांगतो. आणि या बाईला ‘सर, राख आत जातेय’ एवढं एक वाक्य बोलायची माझ्यासमोर भीती वाटली! मला लाज वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सचिवसाहेबांकडे गेलो. म्हटलं, नोंद रद्द करू. साहेब म्हणाले, “आता कशाला, सर? निवृत्तच होतायत. शाल घालू, चार चांगले शब्द बोलू.” खोटं सांगत असेन तर साहेबांनी इथेच सांगावं. चार चांगले शब्द हवेत विरतात हो! सेवापुस्तक कपाटात राहतं. उद्या बाईंची नात ते उघडून वाचेल, तेव्हा तिला काय दिसेल? शाल दिसेल?

बाईंना म्हटलं, मी खोडतो. तर त्या म्हणाल्या, “खोडू नका, सर. खोडल्यार लोक इचारतले, काय खोडलां म्हणान. खाली खरां काय तां लिवा.” आज सकाळी लिहिलं. वाचतो. ‘वरील नोंद चुकीची आहे. लॅपटॉप मुख्याध्यापकांच्या चुकीमुळे संथ झाला होता. लिपिकांनी चार वेळा लेखी कळवले, मुख्याध्यापकांनी अर्ज वाचले नाहीत. दिरंगाई मुख्याध्यापकांची.’ खाली माझी सही आहे. शेजारी सचिवांच्या सहीची जागा मोकळी आहे.

विनीतराव, हे सेवापुस्तक. हे पेन.

नंतर? अहो साहेब, ‘नंतर’ करून करूनच इथवर आलो. गंगारामशेठ, तुम्हीच सांगा त्यांना. मी थांबतो. मुलांनो, जेवण गार झालं तरी आज चालेल.

झाली? इथे, तारखेसकट. आभारी आहे, साहेब. मनापासून. अध्यक्षांचेही आभार, आणि एवढं कडू ऐकून कोणी उठून गेलं नाही म्हणून तुम्हा सर्वांचे.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पदरात घ्यावं, असं म्हणून खाली बसायची आपली रीत आहे. आज सभागृहाने नाही घेतलं तरी चालेल. बाई, क्षमा तुमच्याकडे मागायची आहे, आणि ती लगेच द्या असंही माझं म्हणणं नाही. तुम्ही इकडे या. आधी हे पान स्वतः वाचा. आम्ही सगळे उभे राहतो.