दोन बोटांची फट

— नाही नाही, असं नाही मोजत. बोटं आडवी धरा, चाक आणि वरची कमान यांच्या मधे. किती? चार. आणि तुम्हाला हवीत किती? दोन! चार बोटांत काय वाईट चाललं होतं हो तुमचं? — नाही, बरोबर आहे, गाडी जमिनीला चिकटलेली दिसायला हवी. पहिल्याच स्पीडब्रेकरवर चिकटेल, काळजी नको. आमचं एक गिऱ्हाईक आहे, स्वतःच्याच फाटकातून गाडी आत घ्यायची तर सगळ्यांना खाली उतरवतो. बायको पुढे वाकून बघतेय, सासू मागे, हा आत एकटा — गाडी इंचाइंचाने चढते आणि सासू ओरडते, ‘लागलं, लागलं!’ पण दिसते हं गाडी. दिसते!

तर हे स्प्रिंगांचे तीन सेट. लाल — पंचवीस मिलिमीटर खाली, कुणाच्या लक्षातही येणार नाही, म्हणजे तुम्हाला नकोच. निळा — पस्तीस. ही वरची वेटोळी जवळजवळ आहेत बघा, खालची लांब — आधी मऊ, वजन आलं की कडक. शहाण्या माणसाने घ्यावा असा आहे, म्हणून कुणी घेत नाही. आणि हा पिवळा, पन्नास. याच्यासोबत शॉकअ‍ॅब्सॉर्बरही आखूड घ्यायचे, नाहीतर चार महिन्यांत तेल ओकतात. पिवळाच ना? वाटलंच मला. रंग छान आहे.

आणि जुन्या स्प्रिंगांचं काय करणार? घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवणार? राहू द्या इथेच. सगळे टाकूनच जातात. — छे, भंगारात कशाला देईन, तुमच्या तर मुळीच नाही. हे मॉडेल कंपनीने बंद केलं, मूळच्या स्प्रिंग मिळतात कुठे आता? — मला कशाला म्हणजे? असंच. — ते? ती गाडी आहे. माझी. तुमच्या गाडीचीच बहीण, रंग तेवढा वेगळा. नका उचलू कव्हर — बरं, उचललंत. घाला बोटं. एकच जाईल, तीही करंगळी.

कापल्यात हो. मूळच्याच स्प्रिंग, ग्राइंडरने, दीड-दीड वेटोळं. सेट मागवून वाट बघायला धीर कुणाला होता? शिवाय बाबांनी सांगितलं होतं, कापू नकोस — दुकान त्यांचंच, त्या खिडकीपाशी स्टुलावर बसून नुसत्या आवाजावरून गाडीचं काय गेलंय ते सांगायचे — त्यांनी नको म्हटलं म्हणजे मला कापणं भागच होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनचे टाके निघाले, त्या दिवशी म्हणाले, थेट दुकानात ने. नेलं, मिरवत, ह्याच गाडीतून. तर इथे दारात त्यांना उतरताच येईना. एक पाय आत, एक बाहेर, हात छताला. चार गिऱ्हाइकं उभी. आणि मी काय म्हणालो माहितीये? ‘बाबा, स्पोर्ट्स कार आहे ही, पलंग नाही.’ सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त. मग दोघांनी काखेत हात घालून ओढून काढलं. पाणी प्यायले आणि घरी गेले बसने — तसल्या गुडघ्याने, बसने! दोन वर्षं झाली, दुकानात पाऊल नाही. दुसरी गाडी? नेली होती की, मित्राची, चांगली उंच. बघितलीसुद्धा नाही. ‘तुझी कुठाय?’ म्हणाले. म्हणून हीच उचलायचीय मला, मुळात होती तेवढी उंच. हीच न्यायची त्यांच्या दारात. सगळे भंगारवाले पालथे घातले — मिळतात त्या बसलेल्या, नाहीतर माझ्यासारख्याच कुणी शहाण्याने कापलेल्या.

असो. घ्या गाडी लिफ्टवर, तासाभरात पिवळा सेट बसवून — काय? घरी कोण? आई? अहो, आईंना होते सवय! — बरं, मग निळा घ्या, निळ्यात आरामात उतरतील. लाल? लाल तर कुणाच्या लक्षातही — काहीच नको? मूळच्याच राहू द्या? अहो, मी आपलं सहज बोलत होतो, तुम्ही कशाला एवढं मनावर —

बरोबर आहे. बरोबर आहे तुमचं.

काढा गाडी. बिनधास्त काढा, दारातला उंचवटा तुम्हाला लागायचा नाही. जा म्हटलं ना! आणि ते कव्हर टाका परत.