दुसऱ्या खेपेचे किरण

माझें माहेर तिरुवैयारु. आमचे लोक मराठा राजांबरोबर इकडे आले म्हणतात, पण मला विचाराल तर मी कावेरीकाठचीच, महाराष्ट्र कधी पाहिला नाहीं, तुमचें मराठीसुद्धा मला जरा जपून ऐकावें लागतें. वडील गाणें शिकवायचे. लग्न होऊन तंजावरला आलें. हे रेल्वेत होते, पापनाशमच्या स्टेशनात टिकिटें द्यायचे, रोज गाडीनें जाणें, गाडीनें येणें. आणि बोलणें किती, काय सांगू तुम्हाला, बाहेर तमिळ, ऑफिसात इंग्रजी, घरात पाऊल टाकलें की मराठी, चपला काढता काढताच सुरू. आमची एकच मुलगी, पद्मा. तिला सगळें कळायचें, उत्तर मात्र तमिळमध्ये.

पहिल्या वेळी खोकल्यातून रक्त पडलें, छातीत गाठ निघाली, कॅन्सर म्हणून सांगितलें. तिरुच्चीच्या दवाखान्यात किरण दिले. आतून घसा भाजला, रसमभात उतरेना, ताकावर राहिले. पण उठले हो, नोकरीवर गेले. तेव्हा गल्लोगल्ली फोनचे बूथ उघडत होते, आमच्या रस्त्याला केबल आलें, हे म्हणाले आपणही कलर टीव्ही घेऊ, आणि घेतला. मला वाटलें संपलें.

मग एक दिवस शर्ट घालताना म्हणाले, कॉलर घट्ट होतेय ग. मी म्हटलें आटला असेल. पण तोंड सुजायला लागलें, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि निजताच येईना. पाठ टेकली की दम कोंडायचा. खुर्चीत बसायचें, पुढ्यात स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर डोकें, तीच झोप.

गाठ परत आली, मोठ्या शिरेवर दाबतेय म्हणून डॉक्टर बोलले. त्याच जागी पुन्हा किरण सहसा देत नाहींत, थोडे देऊन बघू, बरें होणार नाहीं, दम कमी होईल, फुप्फुस आणखी करपेल तेंही होईल. मी ह्यांना म्हटलें नको, पुन्हा भाजून घेऊ नका, आहे तसें घरी राहू. हे म्हणाले, मला वर्षें नकोत ग, मला आडवें व्हायचें आहे.

पण किरण घ्यायचे तर निजावेंच लागतें ना. तिथेच सगळें अडलें. दवाखान्याजवळ खोली घेतली आम्ही. टेबलावर उशा लावून ह्यांना टेकवलें, सगळे बाहेर आले, तें जाड दार लागलें, की आत हे हात हलवून उठायला बघायचे. मशीन बंद. दुसऱ्या दिवशीही तेंच. डॉक्टर म्हणाले, असें हललें तर किरण नको तिथे लागतील, सोडून देऊ.

मशीन चालवायला मेरी म्हणून बाई होती. ती म्हणाली, अम्मा, इथे माईक आहे, आत ऐकू जातें, तुम्ही बोला. मराठीत बोलू का विचारलें. कशातही बोला, ते हलले नाहींत म्हणजे झालें. लहान टीव्हीवर हे दिसत होते. मी म्हटलें, ऐकलें का, मी आहें इथेच. मग सांगितलें, आज नळाला पाणी आलें, पद्माला चिंच आणायला पाठवलें तर जुनी काळी चिंच घेऊन आली, दुकानदारानें फसवलें. मी थांबलें की ह्यांचे पाय हलायचे, म्हणून थांबायचीच नाहीं. रोज तसेंच. गोष्टी संपल्या की वडिलांचें सरिगम म्हणायची. मेरीला एक अक्षर कळत नव्हतें, तरी ऐकायची. एके दिवशी बोलता बोलता तोंडातून गेलें, मला टाकून जाऊ नका हो. आत उत्तर देता येत नाहीं माणसाला. बाहेर आल्यावर चाकाच्या खुर्चीत बसून जरा दम घेतला नि म्हणाले, ती चिंच परत कर.

सूज उतरली. घरी आले आणि पहिलें काम, चटईवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. पद्मा दारात उभी राहिली. मला हळूच म्हणाली, अप्पा निजलेत. मराठीत म्हणाली.

पोंगलचा सण आम्ही तिघांनी बरोबर केला. पुढे दम पुन्हा वाढला, किरणांमुळे की गाठीमुळे, डॉक्टरांनाही सांगता येईना. उन्हाळा लागला आणि एका दुपारी हे गेले. निजूनच होते.

लोक अजून विचारतात, दुसऱ्यांदा कशाला जाळून घेतलें, काय मिळालें. मी वाद घालत नाहीं. त्यांना कोणाला खुर्चीत बसून झोपावें लागलें नाहीं, लागू नये. आता मी पद्माकडे असतें. नातवंडें शाळेतून येऊन तमिळमध्ये भूक भूक करतात, मी मराठीत रागें भरतें, तीं खातात, खेळायला जातात. दिवस जातो. ह्यांच्याबद्दल इतकें कोणी विचारलें नव्हतें. सुखी असा, तुमचीं पोरेंबाळें सुखी असोत. पेल्यातली कापी गार झाली तुमची. दुसरी आणतें, बसा.